पावसाच्या पाण्याचा निचरा: शहरी वस्तीसाठी पर्जन्यजलवाहिनीचा आराखडा कसा करावा

पर्जन्यजलवाहिनीचा आराखडा करायला बसलेला अभियंता बहुतेक वेळा वस्तीच्या वरच्या टोकाला पेन्सिल ठेवतो आणि रस्त्याच्या कडेकडेने उताराकडे रेघ ओढत खाली येतो. माझा आग्रह याच्या उलट आहे. आराखडा पातमुखापासून, म्हणजे वाहिनी ज्या ओढ्याला, नदीला किंवा खाडीला मिळणार आहे तिथून सुरू करावा आणि वर चढत जावे. पाणी शेवटी कुठे सोडायचे आणि ऐन पावसात त्या ठिकाणी पाण्याची पातळी किती असते, हे ठरल्याशिवाय वाहिनीची रुंदी, खोली आणि उतार यांना अर्थ नसतो. एखाद्या प्रभागासाठी, नव्या ले-आउटसाठी किंवा मोठ्या गृहसंकुलासाठी असा आराखडा करणाऱ्यांना पुढील पद्धत उपयोगी पडेल.

पातमुखाची पातळी

पहिली साइट भेट पावसाळ्यात द्यावी. ते जमले नाही तर निदान पातमुखाजवळच्या जुन्या रहिवाशांना विचारून, भिंतींवरील पाण्याच्या खुणा पाहून आणि पुलांच्या खांबांवर अडकलेल्या काडीकचऱ्याची उंची मोजून पुराची पातळी काढावी. नदीकाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा असतील तर त्यांचे नकाशे मिळवावेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. छोट्या ओढ्यांना मात्र बहुधा अशा रेषा आखलेल्या नसतात, आणि शहरातील मोठे अपघात अनेकदा तिथेच होतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने काठच्या वस्त्यांची जी हानी केली, ती पाहता ओढ्याचा पूर स्वतः हिशेब करून काढणे हे अभियंत्याचे कर्तव्यच ठरते.

समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत याच ठिकाणी भरतीचा प्रश्न उभा राहतो. मुंबईची बहुतांश पातमुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत, भरती ४.५ मीटरच्या वर गेली आणि त्याच तासांत जोरदार पाऊस झाला, तर वाहिनी कितीही प्रशस्त असली तरी पाण्याला वाट मिळत नाही. म्हणूनच हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया अशी उदंचन केंद्रे (पंपाने पाणी उपसून समुद्रात सोडणारी केंद्रे) उभारावी लागली आणि हिंदमातासारख्या सखल भागासाठी जमिनीखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. लहान किनारी शहराला एवढा खर्च परवडत नाही. तिथे पातमुखावर एकदिशा झडप, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण आत येऊ न देणारी झडप, बसवावी आणि झडप बंद असण्याच्या तासांत येणारे पाणी थांबवायला वरच्या बाजूला मोकळी, सखल जागा राखून ठेवावी. ती जागा आराखड्यावर पाण्यासाठी राखीव म्हणून स्पष्टपणे दाखवली नाही, तर तिथे भराव पडून इमारत उभी राहायला वेळ लागत नाही.

पाणलोट आणि जुने ओहोळ

पातमुख नक्की झाले की त्याच्याकडे येणारे सगळे क्षेत्र आखावे. आपल्या भूखंडाची हद्द आणि पाणलोटाची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या टेकडीचे पाणी सातबारा पाहून वाट बदलत नाही. त्यासाठी उंचीतील अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढाव्यात; सपाट भागात त्याहूनही बारीक. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि गावनकाशे यांत ओढे, ओहोळ, नाले आणि तळी दिसतात. ते आजच्या नकाशावर ठेवून पाहिले की पाणी दरवर्षी ज्या ठिकाणी तुंबते त्यांतील बरीचशी ठिकाणे बुजवलेल्या ओहोळांवरच निघतात. अशा ओहोळाला काटकोनात वळवून रस्त्याकडेच्या गटारात कोंबण्याचा मोह टाळावा. मूळ वाट मोकळी करता येत असेल तर तीच वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ असते.

यानंतर जमिनीच्या पृष्ठभागाची वर्गवारी करावी. पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून येतो हे दाखवणारा अपवाह गुणांक छप्परे, डांबर आणि काँक्रीट यांसाठी ०.८ ते ०.९५, घट्ट दाबलेल्या मुरमाच्या मैदानासाठी अर्ध्याच्या आसपास आणि बागेसाठी ०.१ ते ०.३ असा धरतात. मातीचा प्रकार इथे फार महत्त्वाचा असतो. कोकणातील जांभा पाणी पटकन पितो. देशावरची काळी माती मात्र पहिल्या पावसांत फुगते आणि नंतर पाणी आत घेणे जवळजवळ थांबवते, त्यामुळे काळ्या मातीतल्या हिरवळीला बागेचा गुणांक देणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय.

किती पावसासाठी

संपूर्ण आराखड्यातील सर्वांत जबाबदारीचा निर्णय हा आहे, आणि तो अनेकदा जुन्या अंदाजपत्रकातील आकडा उचलून उरकला जातो. पर्जन्यजलवाहिनीला दिवसाचा एकूण पाऊस कामाचा नसतो. दहा, पंधरा किंवा तीस मिनिटांत तो किती जोराने पडतो हे महत्त्वाचे असते. त्यामुळे हवामान खात्याच्या स्वयंनोंदणी पर्जन्यमापकाच्या शक्य तितक्या दीर्घ काळाच्या, शक्यतो तीस वर्षांच्या, नोंदी घेऊन त्यांवरून तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांचे वक्र तयार करावेत. नोंदी जुन्या असतील तर अलीकडची वर्षे त्यांत जोडल्याशिवाय ते वक्र वापरू नयेत.

एका पर्जन्यमापकावर सगळे शहर तोलू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. कुलाब्याच्या आकड्यावर आखलेली वाहिनी मिठी नदीच्या काठी काय कामाची?

मुंबईची जुनी वाहिनीव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, ओहोटीची वेळ आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरून बांधलेली होती. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरील १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी ५० मिलिमीटर आणि सगळे पाणी वाहून येईल असा निकष सुचवला. वरवर पाहता पाऊस दुप्पट धरला, एवढेच वाटते. पण गुणांकही दुप्पट झाल्यामुळे वाहून न्यायचे पाणी चौपट झाले. गृहीतकांतील असा बदल नेहमी गुणाकाराने काम करतो, हे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांना सुरुवातीलाच समजावून सांगावे.

वारंवारतेचा, म्हणजे किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा याचा, निर्णय करताना केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये काढलेली पर्जन्यजल निचऱ्याची नियमपुस्तिका आधाराला घ्यावी. तोपर्यंत मलनिःसारणाच्या पुस्तिकेतील निकषांवर काम चालत असे, आणि १९९३ च्या त्या पुस्तिकेनुसार शहराच्या बाह्य भागात वर्षातून दोनदा पाणी साचले तरी ते मान्य होते. आजच्या दाट वस्तीत हा निकष टिकणारा नाही. लोकांशी बोलताना मात्र ‘पाच वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थ नीट उलगडून सांगावा. तेवढा किंवा त्याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता दरवर्षी २० टक्के असते, आणि सलग पाच वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के. म्हणजे वाहिनीवरून पाणी वाहण्याचा प्रसंग येणारच आहे. त्या दिवशी ते कोणत्या रस्त्याने जाईल, याची आखणी हाही आराखड्याचाच भाग आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, ६ हेक्टरचा पाणलोट आहे. त्यात २ हेक्टर छप्परे (गुणांक ०.९), १.५ हेक्टर रस्ते आणि काँक्रीट (०.८५), १.५ हेक्टर मुरमाची मोकळी जागा (०.५) आणि १ हेक्टर बाग (०.२) आहे. क्षेत्रानुसार सरासरी काढली की एकत्रित गुणांक ०.६७ येतो. सर्वांत दूरच्या गच्चीवरचे पाणी गटारापर्यंत यायला ८ मिनिटे लागतात आणि पुढे वाहिनीची लांबी ४२० मीटर आहे. वाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर आणखी सुमारे ६ मिनिटे लागतील. एकूण १४ मिनिटे होतात. ती १५ धरू. १५ मिनिटांच्या पावसाची तीव्रता आपल्या वक्रावर ताशी ८० मिलिमीटर आहे असे मानू.

सूत्र साधे आहे: प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) = गुणांक × तीव्रता (मिलिमीटर प्रतितास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. म्हणजे ०.६७ × ८० × ६ ÷ ३६० = ०.८९.

आता छेद, म्हणजे वाहिनीची रुंदी आणि खोली, निवडावा. उतार २५० ला १ आणि आतून गुळगुळीत आरसीसी वाहिनी, म्हणून वाहिनीतील पाण्याचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रातील खडबडीतपणाचा अंक ०.०१५. रुंदी ०.९ मीटर आणि पाण्याची खोली ०.६ मीटर घेतली, तर वेग सेकंदाला १.७ मीटर आणि प्रवाह ०.९२ घनमीटर येतो. बरेच जण इथे थांबतात. पण आपण वेग १.२ धरला होता आणि प्रत्यक्षात तो १.७ निघाला, म्हणजे पाणी वाहिनीच्या टोकाला ६ ऐवजी ४ मिनिटांत पोचेल, एकूण वेळ १२ मिनिटांवर येईल आणि १२ मिनिटांच्या पावसाची तीव्रता जास्त, समजा ८८, असेल. हिशेब पुन्हा केल्यावर प्रवाह ०.९८ होतो आणि त्यासाठी पाण्याची खोली ०.६५ मीटर लागते. तेवढ्या खोलीत १.०२ घनमीटर पाणी जाते. त्यावर ०.२५ मीटर मोकळा काठ, म्हणजे पाण्याच्या वरची रिकामी उंची, ठेवला की वाहिनी ०.९ × ०.९ मीटरची ठरते. धरलेली आणि निघालेली वेळ जुळेपर्यंत हा फेरा करावा.

पुढची तपासणी पातमुखाची. वाहिनीचा तळ वरच्या टोकाला ५५२.४० मीटर पातळीवर असेल, तर ४२० मीटरनंतर तो १.६८ मीटर खाली, म्हणजे ५५०.७२ वर येतो आणि तिथे पाण्याची पातळी ५५१.३७ होते. ओढ्याच्या पुराची पातळी ५५१.१० असेल तर पाणी सुखाने बाहेर पडेल. ती ५५१.९० असेल तर मात्र वाहिनीच्या काठाची पातळी ५५१.६२ असल्याने ओढ्याचे पाणी काठाच्याही २८ सेंटिमीटर वर उभे राहील आणि वस्तीतले पाणी बाहेर जाण्याऐवजी ओढ्याचेच पाणी आत येईल. अशा वेळी छेद वाढवून काहीही उपयोग नसतो. पातमुख ओढ्याच्या आणखी खालच्या बाजूला न्यावे, शेवटच्या टप्प्यात बांध घालून झडप बसवावी किंवा पूर ओसरेपर्यंत पाणी वर थांबवून ठेवावे.

गाळाचा हिशेबही याच वेळी करावा. वर काढलेल्या वाहिनीत २० सेंटिमीटर गाळ बसला आणि तळाचा खडबडीतपणा वाढून ०.०२ झाला, तर ती काठोकाठ वाहूनही ०.८४ घनमीटरच पाणी नेते, गरज ०.९८ ची आहे. आपण ठेवलेला मोकळा काठ एका गाळानेच खाल्ला. म्हणून रोजच्या लहान पावसातही सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग राहील, अशी तळाची रचना करावी. सपाट तळाऐवजी मधोमध उथळ पन्हळ दिली की थोडे पाणीही एकवटून वाहते आणि माती सोबत घेऊन जाते. दुसऱ्या टोकाला, वेग ३ मीटरच्या वर जाऊ देऊ नये. डोंगरउतारावर तो जात असेल तर पायऱ्या करून पाणी उतरवावे.

रस्ता, जाळ्या आणि चेंबर

उत्तम आखलेली वाहिनी कोरडी आणि तिच्या शेजारचा रस्ता गुडघाभर पाण्यात, हे चित्र आपल्या शहरांत नवे नाही. बहुधा पाणी वाहिनीपर्यंत पोचतच नाही. रस्त्याला मधून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार असावा, जाळ्यांचे अंतर १५ ते ३० मीटर ठेवावे आणि रस्त्याच्या सर्वांत सखल बिंदूवर एकाऐवजी दोन-तीन जाळ्या द्याव्यात. पानगळ आणि प्लास्टिक यांनी जाळीचा निम्मा भाग बुजलेला असणार, असेच धरून तिची क्षमता मोजावी. आडव्या जाळीसोबत पदपथाच्या कडेला उभे तोंड दिले, तर वरची जाळी पूर्ण बुजली तरी पाणी आत शिरत राहते. जाळीखाली गाळ साचायला ३० सेंटिमीटरचा खड्डा ठेवावा आणि त्यातून हाताने नव्हे, यंत्राने गाळ उपसता येईल एवढे तोंड ठेवावे.

रस्त्याचे डांबरीकरण थरावर थर चढवून करू देऊ नये. जुना थर खरवडूनच नवा टाकावा, ही अट निविदेतच लिहावी. अन्यथा काही वर्षांत रस्ता जोत्याच्या वर जातो आणि पाणी गटाराऐवजी घराच्या उंबऱ्याकडे वळते.

बंद वाहिनीवर साधारण ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर असावे. झाकणाखाली मजबूत संरक्षक जाळी असलीच पाहिजे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांना उघड्या मॅनहोलमध्ये पडून प्राण गमवावे लागले, आणि पाण्याखाली उघडे भोक दिसत नाही हे त्या दिवशी साऱ्यांना कळले. या जाळीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा, म्हणजे काटकसरीच्या नावाखाली ती गाळली जाणार नाही.

दोन वाहिन्या मिळतात तिथे उपवाहिनी प्रवाहाच्या दिशेने तिरकी आणावी, समोरासमोर धडकवू नये. जलवाहिन्या आणि केबल वाहिनीच्या पोटातून आडव्या जाऊ देऊ नयेत. एका सहा इंची पाइपाला अडकलेले गोणपाट अख्ख्या गल्लीचे पाणी अडवते. सांडपाण्याची एकही जोडणी पर्जन्यजलवाहिनीला नसावी, कारण त्या जोडणीतून येणारे पाणी बारमाही असते, ते गाळ धरून ठेवते आणि शेवटी तसेच्या तसे नदीत जाते.

पाणी अडवून हळू सोडणे

आपल्या उदाहरणातील ६ हेक्टरवर वस्ती होण्याआधी माळरान होते असे धरले, तर गुणांक ०.३ आणि त्याच पावसाचा प्रवाह ०.४४ घनमीटर होता. आता तो ०.९८ झाला आहे. खालच्या वस्तीवर दुपटीहून जास्त पाणी ढकलण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी माझी ठाम भूमिका आहे. जास्तीचे पाणी आपल्याच हद्दीत काही वेळ थांबवून ०.४४ च्या दरानेच बाहेर सोडावे.

साठवणीचा आकार काढताना इथे हमखास चूक होते. वाहिनीसाठी वापरलेला १२ मिनिटांचा पाऊसच टाकीसाठी घेतला तर ३९० घनमीटर साठवण पुरेशी वाटते. पण टाकीसाठी पावसाच्या जोराबरोबर त्याचा कालावधीही पाहावा लागतो. ३० मिनिटे ताशी ६० मिलिमीटरने पाऊस पडला तर सुमारे ४१५ घनमीटर लागतात आणि ४५ मिनिटे ताशी ४८ मिलिमीटरने पडला तर मात्र सुमारे २६० घनमीटरच. म्हणून वेगवेगळे कालावधी घेऊन सर्वांत मोठी येणारी साठवणच धरावी. ही जागा खेळाचे मैदान अर्धा मीटर खोलगट करून, बागेत सखल हिरवळ ठेवून किंवा वाहनतळाखाली टाकी बांधून मिळवता येते. मैदान खोलगट केले तर पाऊस थांबल्यावर काही तासांत ते रिकामे झालेच पाहिजे. साचून राहिलेले पाणी डास आणि तक्रारी दोन्ही वाढवते. शोषखड्डे मुरमाड जमिनीत चांगले चालतात. काळ्या मातीत किंवा वरच्यावर लागलेल्या कातळात ते केवळ कागदावर शोभतात, त्यामुळे आधी खड्डा खणून त्यात पाणी भरावे आणि ते किती वेळात जिरते ते घड्याळ लावून पाहावे.

याहून मोठ्या पावसासाठी रस्त्यांनाच वाट करून द्यावी. ठरावीक रस्त्यांचा लांबीतला उतार सलगपणे ओढ्याकडे ठेवून, वाटेत कुंपणाची भिंत किंवा उंच गतिरोधक येऊ न देता, साठणारे पाणी घरांच्या जोत्याखालीच राहील याची पातळ्या घेऊन खात्री करावी.

बांधकाम आणि हस्तांतर

काम खालून वर करावे. पातमुख आधी बांधले की प्रत्येक टप्प्याला पाणी जायला जागा असते आणि अर्धवट कामातच पावसाळा आला तरी वस्ती बुडत नाही. तळाचा काँक्रीट थर घालण्यापूर्वी दर १० मीटरवर लेव्हल तपासून नोंदवावी. २५० ला १ उतारात १० मीटरला फक्त ४ सेंटिमीटर फरक पडतो, आणि तेवढी चूक गवंड्याच्या एका थापीत होऊ शकते. झाकण टाकण्यापूर्वी वरून टँकरने पाणी सोडून ते कुठे थबकते ते पाहावे आणि तिथला तळ लगेच दुरुस्त करून घ्यावा. साच्याच्या फळ्या, उरलेली वाळू आणि सिमेंटचे गोळे आत राहिलेले नाहीत, हे दिवा घेऊन स्वतः पाहिल्याशिवाय देयकावर सही करू नये.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष बांधलेल्या पातळ्यांचा नकाशा, चेंबरांचे क्रमांक, पातमुखाची पूरपातळी आणि गृहीत धरलेला पाऊस हे सगळे एका पानावर आणून ते पान देखभाल करणाऱ्या विभागाकडे द्यावे. नालेसफाईचे मोजमाप किती ट्रक गाळ निघाला यावर ठेवू नये. ठरवून दिलेल्या चेंबरांमध्ये तळाची पातळी मूळ आकड्याला आली का, हे मोजावे. ही मोजणी एप्रिल-मे महिन्यांत एकदा आणि पावसाळ्याच्या मध्यावर, पहिल्या मोठ्या सरींनंतर, पुन्हा एकदा करावी, कारण वर्षातला सर्वांत जास्त गाळ त्याच सरींबरोबर येतो.